सोडायचाच, तर पकडायचा कशाला?

एका बोटीत दोन गिऱ्हाइकं, मध्ये वल्ही मारणारा वाटाड्या, आणि दिवसभराचं भाडं पाचशे डॉलरहून जास्त. प्रवाहाबरोबर उतरत जायचं, गळ टाकत राहायचा आणि एवढं करून जो मासा लागेल तो ओल्या हातानं सोडवून परत नदीत द्यायचा. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मॅडिसन नदीवर हा धंदा जोरात चालतो. आर्वी तालुक्यातल्या रोहण्यात भाच्यानं हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मामांनी खर्रा घोटून तोंडात टाकला आणि एकच विचारलं, “अन् जेवते काय थे लोक?”

मामा भोई समाजाचे, धरणात जाळं टाकणाऱ्या संस्थेचे जुने सभासद. भाचा त्याच घरातला, पण कॉम्प्युटरकडे गेला, काही वर्षं डेन्व्हरला राहिला आणि आता पुण्यात असतो. तिकडच्या मित्रांबरोबर तो मॅडिसनवर गेला होता आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात वर्धा नदी घोळते आहे. नागपूर, पुणे, बंगळुरूचे गळवाले शौकीन इकडे आणायचे आणि मामांच्या संस्थेतल्या पोरांना वाटाडे करायचं, असा त्याचा बेत. मी दोघांच्याही ओळखीचा. मध्यस्थी करायला मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बसलो आणि बोललोही.

नदी कुठली ते आधी सांगायला हवं. वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावते, सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणात थांबते, मग कौंडण्यपूर-देऊरवाड्यावरून खाली येते आणि धनोडीला निम्न वर्धा प्रकल्पाच्या 31 दरवाजांमागे पुन्हा थांबते. रोहणा तिथून जवळच. पूर्वी पुलगाव-आर्वी शकुंतला गाडी या गावावरून जायची. ती बंद पडली, त्यामुळे भाच्याची गिऱ्हाइकं गाडी करूनच येणार.

भाचा: मामा, ही काठी बघा. दोर जाड आहे आणि टोकाला पिसांची बारीक माशी बांधलेली. माशीला वजनच नाही. वजन दोराला असतं, म्हणून दोर मागे-पुढे खेळवून माशी नेमकी पाण्यावर ठेवायची.

मामा: मासा येडा हाय का? कोंबडीचं पीस खाईन?

भाचा: तिकडचा ट्राउट मासा पाण्यावरचे किडे खातो. नदीच्या तळातून कोणता किडा वर येऊन राहिला ते पाहून वाटाड्या तशीच माशी लावतो. सकाळी वेगळी, दुपारी वेगळी.

मामा: म्हंजे पान्यातल्या किड्यावरून मासा ओळखाचा. हे तं ठीक हाय. आपन बी तेच करतो. वारा कुठून हाय, पान्याचा रंग कसा हाय, बगळा कुठी बसला. फक्त आपन त्याचे पैशे नाई घेत कोनाकडून.

भाचा: तेच तर मी म्हणून राहिलो! तुमच्या डोक्यात जे आहे त्याचे पैसे मिळतात तिकडे.

इथे भाच्याचा मुद्दा पक्का होता. संस्थेतल्या पोरांना जाळ्याचा धंदा नको आहे, हे मामाही कबूल करतात. पहाटे तीनला उठून जाळं ओढायचं आणि व्यापारी म्हणेल त्या भावात माल द्यायचा, यापेक्षा एमआयडीसीतली बारा तासांची पाळी पोरांना बरी वाटते. कोणत्या डोहात वाम बसते, पहिल्या पुरात चढणीचे मासे कोणत्या नाल्यानं शेतात शिरतात, हे सगळं मामांबरोबर संपणार आहे. कुणी लिहून घेत नाही, आणि लिहून घेतलं तरी ते डोंग्यात बसूनच कळतं.

पण मामांचा आक्षेप पैशांवर नव्हताच.

मामा: खायाचा तं मारा. नाई खायाचा तं त्याच्या वाटी जाऊ नका. तोंडात गळ रुतवून, अर्धा घंटा खेळवून, फोटो काढून सोडून देनं, हे कोनतं काम होय? सोडायचाच, तर पकडायचा कशाले?

भाचा: अन् जाळ्यात रात्रभर गुदमरून मरतो त्याचं काय? सोडलेला निदान जगतो.

मामा: मरते नं. मी कुठी म्हनतो का मरत नाई? पन त्याच्या मरन्यावर माह्यं घर चालते. तुह्या साहेबाचं काय चालते?

भाच्याला वाटलं, मामांचं हे बोलणं जुन्या माणसाचं आहे. म्हणून मला मध्ये पडावं लागलं. स्वित्झर्लंडच्या कायद्यात मामांचंच म्हणणं लिहिलेलं आहे. तिथल्या 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांनी, पकडलेला मासा सोडून देण्याच्याच हेतूनं मासेमारी करायला बंदी घातली. खायला पकडा, नाहीतर पकडू नका. शास्त्रातला आधारही हाताशी आहे. लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये इंद्रधनुषी ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि ॲसिड टोचून पाहिलं. माशांनी खाणं लांबवलं, आणि ॲसिड टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. माशाला दुखतं की नाही यावर अजून वाद आहेत, पण त्याच्या तोंडाला काही कळतच नाही असं म्हणायची सोय त्यानंतर उरली नाही.

मामा: पाय! त्या लोकाईले समजलं, माह्या भाच्याले नाई.

भाचा: अन् त्याच देशात बिनकाट्याचा गळ, लवकर मासा आत घ्यायचा, असे नियमही आहेत. दुखणं कमी करता येतं.

सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे हा वाद अहिंसेवर जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मासे मारून जगलेल्या माणसाला अहिंसा शिकवायला जावं, एवढं धाडस आम्हा दोघांतही नव्हतं. मामांच्या लेखी मारणं हा गुन्हा नव्हता, पोट नसताना छळणं हा होता.

भाच्यानं मग कावेरीचं उदाहरण काढलं, आणि ते त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण होतं. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालीबोर इथल्या तळांवर जगभरातून माणसं महासीर पकडायला यायची, आणि वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही 1972 पासूनची संस्था नदीचा काही भाग राखायची. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारेच कित्येकजण तिथे वाटाडे आणि राखणदार झाले. मेलेला महासीर एकदाच विकला जातो, जिवंत महासीर दर हंगामात नवा गिऱ्हाईक आणतो, असा तो हिशेब. पुढे अभयारण्यात गळाची मासेमारी म्हणजे शिकारच, असा कायद्याचा अर्थ लावला गेला आणि तळांवरची मासेमारी बंद झाली. राखणदार गेल्यावर सुरुंगवाले परत आले, असं गळवाले सांगतात.

भाचा: म्हणून म्हणतो, धरणात महासीर सोडू. लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या केंद्रात बोटुकली तयार होतात. खडशी, आपलाच मासा. गोदावरीच्या खोऱ्यातला. बाहेरचा नाही.

या ठिकाणी मी त्याला अडवलं, कारण पुढची गोष्ट त्याला अर्धीच माहीत होती. निळसर परांच्या या महासीराचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. नद्यांवर धरणं आली, मासा कमी झाला, तेव्हा वळवणला टाटांच्या लोकांनी 1970 च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास जमवली. काम मोठं होतं. लाखांनी पिल्लं देशभर गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली, आणि कावेरीत आधीपासूनच तिचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा, पन्नास किलोच्या पुढे जाणारा. 1946 मध्ये काबिनीत व्हॅन इंगेन यांनी पकडलेला 120 पौंडांचा मासा त्याच जातीचा मानला जातो. लोणावळ्याच्या पिल्लांनी तिथे जम बसवला आणि कुबडवाला मागे हटत गेला. गंमत म्हणा की दुर्दैव, त्या कुबडवाल्याला शास्त्रानं ‘टोर रेमादेवी’ हे नेमकं नाव दिलं तेच मुळी 2018 मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. गळवाल्यांच्या डायऱ्यांतल्या नोंदींवरूनच हा ऱ्हास उघड झाला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मामा: म्हंजे पुन्याचा मासा तिकडे जाऊन मालक झाला.

मी: आणि घरचा हुसकावला गेला.

मामा: मंग आपल्या धरनात काहून सोडतं बापू? आधी जे हाय ते तं पाय. चिलापीनं अर्धं धरन खाल्लं.

मूळची आफ्रिकेतली चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली. तीही चांगल्या हेतूनं, गरिबाच्या ताटात मासा यावा म्हणून. ट्राउट स्कॉटलंडहून काश्मीरला 1900 च्या सुमारास आला, निलगिरीतही आणला गेला. मॅडिसनवर भाच्यानं जे तांबूस आणि इंद्रधनुषी ट्राउट पकडले तेही त्या नदीचे मूळचे नाहीत. मूळचा तो गळ्याखाली लाल रेघ असलेला कटथ्रोट, आणि तो मॅडिसनच्या मुख्य पात्रात आता क्वचितच लागतो. साहेबाला घरच्यासारखा मासा हवा असतो, म्हणून नद्या बदलल्या जातात. मला हा गळाच्या छंदाचा सर्वांत मोठा दोष वाटतो, ओठातल्या काट्यापेक्षा मोठा.

भाचा मात्र हार मानणारा नव्हता.

भाचा: बरं, महासीर नको. मरळ आहे नं? मरळ तर इथलाच. प्लॅस्टिकच्या बेडकावर असा उडी मारतो की हातातली काठी सुटावी. तिकडे बास माशावर जशी माणसं जीव टाकतात, तसा मरळ आहे.

मामा: कवा पकडशीन?

भाचा: पावसाळ्यात. तेव्हाच तो सगळ्यात चवताळलेला असतो.

मामांनी खर्रा थुंकला. त्या दुपारी ते पहिल्यांदाच सरळ बसले.

मामा: चवताळते काहून माहीत हाय? पावसाळ्यात मरळाचे पिल्ले वर येतात. लाल-लाल, घोळक्यानं, पान्याले उकळी आल्यासारखे. त्याईच्या खाली माय-बाप बसलेले असतात. तुहा बेडूक तिथी पडला का थो खायाले नाई येत. राखायाले येते. तू त्याले वर उचललं, गळ काढला, फोटो काढला, सोडलं. तेवढ्यात चिलापीनं अन् शिंगाड्यानं पिल्ले साफ केले. थो जिता राह्यला, घर गेलं. तुह्यावाल्या वहीत मात्र ‘सोडला’ म्हनून लिहिलं.

भाच्याकडे याला उत्तर नव्हतं. त्याचा दोष नाही, पुण्यात मरळाची पिल्लं दिसत नाहीत. पण गंमत अशी की ज्या बासचं नाव त्यानं घेतलं, त्याचीही हीच कथा आहे. बासचा नर घरट्यावर बसून अंडी-पिल्लं राखतो, आणि तो काही मिनिटं जरी उचलला गेला तरी आसपासचे छोटे मासे घरटं लुटतात, हे उत्तर अमेरिकेत पाहणी करून दाखवलं गेलं आहे. म्हणून ओंटारिओच्या बऱ्याच भागांत वीण संपेपर्यंत बासची मासेमारी बंद ठेवतात. शास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून जे मोजलं ते मामांना डोंग्यातून दिसत होतं.

त्या वेळी मला कळलं की या दोघांचं भांडण पकडण्या-सोडण्यावर नाहीच. सोडला म्हणजे पुण्य, हे भाच्याचं गृहीत, आणि खाल्ला म्हणजे माफ, हे मामांचं. कोणता मासा, कोणत्या महिन्यात, किती गरम पाण्यात, हे विचारल्याशिवाय दोन्ही पोकळ आहेत. आणि हे विचारता येतं ते फक्त मामांसारख्याला.

गरम पाण्याचंच घ्या. मोंटानात नदीचं तापमान सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण 23 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेला मासा सोडला तरी मरतो. भाच्यानं हे मोठ्या कौतुकानं सांगितलं.

मामा: आपल्याकडे तेवीस हे जानेवारीत असते.

भाचा: आपले मासे गरम पाण्याचे आहेत, मामा. मरळ तर वर येऊन हवा घेतो.

मामा: थो घेते. रोहू नाई घेत. अन् मे महिन्यात पंचेचाळीस डिगरीत तुहा साहेब तरी जिता राहीन का?

मग प्रश्न आला पाण्याचा, आणि इथे भाच्याचा नकाशा फाटला. बोट प्रवाहाबरोबर सोडायची तर प्रवाह पाहिजे. पावसाळ्यात धनोडीचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावधानतेचा इशारा देतात, तेव्हा कुणी बोट काढणार नाही. दरवाजे बंद झाले की हळूहळू खाली डोह उरतात, मधे वाळू आणि गोटे. उन्हाळ्यात तर नदी ओळखू येत नाही.

भाचा: मोंटानातच बिगहॉर्न नदी आहे. तिथे यलोटेल धरण झालं 1967 मध्ये, आणि धरणानंतरच खाली मासेमारी भरभराटीला आली. धरणाच्या तळातून वर्षभर थंड पाणी सोडतात.

मामा: त्याईचं धरन पानी सोडते. आपलं थांबोते. फरक एवढाच हाय.

मी: कापसाला, संत्र्याला ते पाणी लागतं म्हणून थांबवतात.

मामा: मी कास्तकाराच्या इरोधात नाई बोलून राह्यलो, भाऊ. थोडं नदीले बी द्या म्हनतो. भोयाले नका देऊ, नदीले द्या.

मला हा त्या दुपारचा खरा मुद्दा वाटतो. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत धरणाखाली थोडा का होईना सतत प्रवाह राहिला, तर डोह जोडलेले राहतील, मासे फिरतील, आणि भाच्याची बोटही चालेल. त्यासाठी बाहेरून मासे सोडायची गरज नाही. मोंटानानं 1974 मध्ये जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणंच बंद केलं, कारण डिक व्हिन्सेंट या जीवशास्त्रज्ञानं मॅडिसनवर दाखवलं की सोडलेले मासे नदीतल्या माशांना मागे हटवतात. सोडणं थांबवलं आणि नदीतले मासे वाढले. आपल्याकडे जलाशयात दरवर्षी किती बोटुकली सोडली याचा कागद असतो. धरणाखालच्या पात्रात किती पाणी सोडलं याचा जाब कुणी विचारत नाही. नागपूरच्या शौकिनांनी पैसे मोजून हा जाब विचारला तर मला त्यांचा छंद चालेल. भोयांनी विचारला तर ऐकतं कोण?

पुढचं बोलणं रोखठोक झालं. धरणाचा ठेका संस्थेकडे, बोटुकली संस्थेनं विकत आणून सोडलेली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळाला लागलेला कटला संस्थेचा. भाचा म्हणाला, दर दिवसामागे संस्थेला हिस्सा देऊ. मामा म्हणाले, हिस्सा लिहून दे. भाचा म्हणाला, बोटीत वाटाड्याचा शब्द शेवटचा. कंपनीचा मालक असला तरी त्यानं वाटाड्या सांगेल तिथेच माशी टाकायची.

मामा: साहेब ऐकन माह्यं?

भाचा: मॅडिसनवर एका वाटाड्यानं मला दोनदा रागावलं. चूक माझीच होती. मी ऐकलं.

मामा: तू भोयाचा पोट्टा हायेस म्हनून ऐकलं.

यावर भाचा हसला, पण मामा हसले नाहीत. डोंगा हाकणारा खाली आणि गळ टाकणारा वर, हे चित्र इंग्रजी अमदानीपासूनचं आहे. साहेबाच्या पुस्तकात माशाचं वजन येतं, डोंगा हाकणाऱ्याचं नाव येत नाही. भाडं वाढवून ते बदलत नाही. बोटीवर नाव कुणाचं आणि परवाना कुणाच्या हाती, यानं बदलेल.

सुरक्षेबद्दल मात्र वाद झाला नाही. सप्टेंबर 2021 मध्ये याच नदीवर, वरूड तालुक्यात झुंज इथे नाव उलटून 11 जण बुडाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. डोंग्यात तिघांवर माणूस नाही, जाकीट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही आणि दरवाजे उघडायचा निरोप आला की बोट काठाला, हे मामांनीच सांगितलं आणि भाच्यानं लिहून घेतलं.

मग मामांच्या अटी आल्या. पावसाळ्यात मरळाच्या वाटेला जायचं नाही. उन्हाळ्यात बोट नाही. बाहेरून एकही मासा आणून सोडायचा नाही. आणि चिलापी लागली तर ती परत सोडायची नाही.

भाचा: पण मामा, गिऱ्हाइकं सोडायलाच येतात. त्यांना मारायला लावलं तर…

मामा: मारायाले नाई म्हनत. खायाले म्हनतो. संध्याकाळी घरी आना, तुही मामी रस्सा करन. ज्वारीची भाकर. थे बी पैशात धर.

भाचा: चिलापीचा रस्सा, नागपूरच्या डॉक्टरला?

मामा: त्याले सांगू नको कशाचा हाय. खाईन आवडीनं.

भाच्यानं हे मान्य केलं की नाही, नीट कळलं नाही. तो वहीत काहीतरी गणित मांडत होता: एक बोट, दोन माणसं, दिवसाचं भाडं, संस्थेचा हिस्सा, जाकिटं, रस्सा.

मामा: अन् दिवसभर फिरून मासा नाई लागला तं? पैशे वापस?

भाचा: नाही. तिकडे दिवसाचे पैसे घेतात, माशाचे नाही. मासा लागो न लागो.

मामा: नाई लागला तरी पुरे पैशे?

भाचा: पुरे.

मामा: मंग सकायपासून मासा-मासा काय करून राह्यला? हे पयले सांगाचं होतं नं बे!